गवंड्यांची न्याहारी

खाटेसमोरच्या पडद्यावर आपल्याच यकृतातल्या शिरा बघत बसायचा तुषारला नादच लागला होता. भूगोलाचा मास्तर तो, त्याला त्या नद्यांसारख्या दिसत. रक्ताच्या आजारावर उपाय म्हणून दिलेल्या शीतलताईच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, मूळपेशी त्याच्या अंगात रुजल्या. पण त्या उपचारांच्या धामधुमीत यकृतातल्या बारीक शिरा आतून सोलवटल्या आणि तुंबल्या. त्या लिंपायला डॉक्टरांनी ताईच्याच पेशींपासून घडवलेले इवलेसे गवंडी आत सोडले होते. कालपर्यंत ते झपाट्यानं काम करत होते. आज मात्र सगळे स्वस्थ बसलेले, आणि तुषारचं पोट पुन्हा फुगू लागलेलं.

"हे थांबले का?" त्यानं डॉक्टर बर्वेबाईंना विचारलं.

बर्वेबाईंनी खाटेशेजारी बसलेल्या ताईच्या मनगटावरचा पट्टा तपासला. तिच्या रक्ताची खबर त्यातूनच गवंड्यांना पोचायची.

"ताई, जेवण कधी झालं?"

ताई ओशाळली. "उपास धरलाय. याच्या शिरा मोकळ्या होईपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं देवीला बोललेय."

"मग तेही उपाशी बसलेत. तुमचं रक्त भुकेलं, की त्यांचं काम बंद."

"अहो, पण देवीला काय सांगू?"

तिनं त्याच्यासाठी आणलेला मऊ भाताचा डबा तुषारनं उघडला आणि चमचा तिच्यापुढे धरला. "सांग, घरी गवंडी आलेत. आधी त्यांची न्याहारी."

ताईनं डोळे मिटून घास घेतला. बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. मग एक गवंडी उठला.

ताईनं ते पाहिलं आणि अख्खा डबाच आपल्याकडे ओढला.