हाताला लागलेली चमकी

पाण्यानं चमकी निघत नाही, पसरते. दोन बादल्या ओतल्यावर रेजिनाला हे कळलं. ती मागच्या विहिरीच्या काठावर बसून तळहात चोळत होती. साबण झाला, चुलीतली राख झाली. बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला रुपेरी कण तसेच होते.

सासू, हिल्डा, पापडीच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला, गेली होती. ती परतायच्या आत हात स्वच्छ व्हायला हवे होते. कारण आत पलंगावर ठेवलेला नाताळचा तारा रेजिनानं केलेला नव्हता. तो तिच्या नवऱ्यानं, फेबियननं, बोटीवरून पाठवला होता. निदान हिल्डाला तसं सांगायचं होतं.

फेबियन बोटीवर नोकरीला होता. दर नाताळला तो कुठल्याशा बंदरात कागदी तारा विकत घेई आणि सुट्टीवर येणाऱ्या सोबत्याच्या हाती घरी धाडी. हिल्डा तो ओटीवर टांगी आणि आल्यागेल्याला बोट करून दाखवी.

यंदा तारा येणार नव्हता. उन्हाळ्यात वादळात फेबियन डेकवरून समुद्रात पडला. सापडला नाही. त्याच बोटीवरच्या अर्नाळ्याच्या मार्सेलनं रेजिनाला ती शिकवत होती त्या शाळेच्या फाटकाशी गाठून हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वर्गात जाऊन मुलांना पाढे म्हणायला लावले.

"आयला कळू देऊ नको," एवढंच ती मार्सेलला म्हणाली होती. हिल्डाचं काळीज अधू होतं. धक्का बसला तर म्हातारी हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा गेलाच होता. सासूही गेली तर त्या घरात रेजिनाला हाक मारायला कुणी उरणार नव्हतं.

तेव्हापासून ती रंगीत साड्या नेसत होती, काचेच्या बांगड्या भरत होती, रविवारी मटण शिजवून स्वतःही खात होती. रडू येत नव्हतं. आधी रडायला जागा नव्हती, आणि पुढे ती रडायचं विसरूनच गेली. दात काढल्यावर हिरडी बधिर राहते तसं तिचं आतून झालं होतं.

मार्सेल मध्यंतरी घरीही येऊन गेला. सुट्टीवर आलेला सोबती घरी फिरकला नाही, तर हिल्डाला संशय आला असता. रेजिना शाळेतून आली तेव्हा तो ओटीवर चहा घेत बसला होता. तो निघाला तेव्हा तिनं त्याला हळूच विचारलं, "काय बोललास तर नाय ना?"

"मी काय बोलनार, वहिनी?" तो चपला शोधत म्हणाला.

त्यानंतर म्हातारीला सांभाळणं सोपंच गेलं. पूर्वी उठता-बसता 'फेबियनचं पत्र आलं का' असं विचारणारी हिल्डा आता त्याचं नावही काढत नव्हती. मटणही पचत नाही म्हणून तिनं सोडलं होतं. नजर मंदावली तशी आठवणही चालली, असं रेजिनाला वाटे. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तिला बरंच वाटे.

शेवटी तिला खोबरेल तेल आठवलं. तेल चोळून जुन्या फडक्यानं पुसल्यावर चमकी सुटू लागली. एक तळहात झाला, दुसरा अर्धा झाला, तोच पुढच्या दारी हिल्डाची काठी वाजली.

"तारा आला, आय," रेजिना पदरात हात गुंडाळत आत आली. "मार्सेल देऊन गेला. फेबियननं पाठवलाय."

हिल्डानं तारा डोळ्यांशी धरला. मग कडेवरून बोट फिरवलं. कडेची खळ अजून नीट वाळली नव्हती. रेजिना त्या बोटाकडे बघत उभी राहिली.

"छान हाय," हिल्डा तारा अलगद पलंगावर ठेवत म्हणाली. "नाताळला ती लाल साडी नेस, बाय. तुला शोभते."

दुसरा हात पुरता पुसायला सवड मिळाली नाही, तोच संध्याकाळी दोघी रोझरीच्या प्रार्थनेला बसल्या. रोझरीनंतर धाकट्यानं थोरल्याच्या हातात हात देऊन आशीर्वाद मागायचा, हा घरचा रिवाज. रोज न चुकणारी ही गोष्ट आज टाळावी कशी, ते रेजिनाला सुचेना. तिनं हात पुढे केला. हिल्डानं तो दिव्याखाली उलटा करून पाहिला.

"चमकी लागलीय."

"ताऱ्याचा कागद सोडवताना लागली." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर ते तळहातावरच पडलं होतं.

"लागनारच," हिल्डा म्हणाली. तिनं स्वतःच्या लुगड्याच्या पदरानं सुनेचं एकेक बोट पुसलं, अगदी लहान मुलाचं पुसावं तसं. मग त्या हातावर क्रुसाची खूण केली. "पान्यानं नाय जायची. जा, तेल लाव. चर्चमधला सॅन्टन यायचाय, मी ओटीवर बसते."

म्हातारीला काही कळलं नव्हतं. रेजिनाचा जीव भांड्यात पडला. या वर्षाचं तरी निभावलं. पुढच्या वर्षीही तारा करता येईल, त्याच्या पुढच्या वर्षीही. स्वयंपाकघरात जाऊन तिनं फळीवरची तेलाची बाटली काढली आणि ओंजळीत तेल ओतलं.

ओटीवर चपला वाजल्या. चर्चची घंटा वाजवून वाजवून सॅन्टनला ऐकू कमी येई, म्हणून तो सगळ्यांशीच मोठ्यानं बोले.

"मावशी, फेबियनच्या आत्म्यासाठी उद्याचा मिस्सा पहिल्या घंटेला हाय. दर महिन्यासारखाच. नाव मोठ्यानं घेनार नाय म्हनाले फादर, तुम्ही सांगितलंय तसं."

रेजिनाच्या ओंजळीतलं तेल बोटांमधून जमिनीवर गळू लागलं.

"हळू बोल रे," हिल्डा म्हणाली. "माझ्या सुनेला अजून ठाव नाय."