समोर बसलेला माणूस

"माझा खोडरबर कुणी ढापला?"

मावशी ओरडली आणि ओरडता ओरडता तिला इतका आनंद झाला की विचारू नका. साथीच्या दिवसांत घरी खोडरबर जिथं ठेवावा तिथंच सापडायचा. कात्री, चष्मा, चहाचा कप, सगळं तसंच. हलवणारं कुणी नव्हतंच. त्या शहाण्या वस्तूंचा तिला अगदी वीट आला होता.

"घ्या तुमचा खजिना," पेंटर म्हणाला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा तिचा शेजारच्या खुर्चीवरचा जुना सोबती. न विचारता उचललेला खोडरबर त्यानं पार काळा करून परत दिला. पूर्वी याच गोष्टीवरून ती त्याच्याशी भांडायची. आज तिनं तो नुसता उलटसुलट करून पाहिला.

छापखान्याच्या वरची ती लांबट खोली. साथीनंतर मंडळी आज पहिल्यांदाच चित्रं काढायला जमली होती. खालचं मशीन सुरू झालं की फरशी थरथरायची आणि रेघ हलायची. त्यावरून सगळ्यांनी मिळून कुरकुर करण्यात काय सुख होतं, हेही ती विसरून गेली होती. कुणीतरी खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. थोड्या वेळात त्या पूर्वीसारख्या एकमेकींना खेटल्या. कुणी सरकवल्या ते कळलंच नाही. पेंटरचं कोपर लागून तिची एक रेघ वाकडी गेली, तीही तिनं तशीच ठेवली.

ती हसत होती, पण एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. आज समोरचा माणूस कागदावर आला नाही, तर बोर्ड टेकवायचं आपलं इझल पेंटरला देऊन टाकायचं आणि पुन्हा हा जिना चढायचा नाही, असं ती घरूनच ठरवून आली होती.

समोर ड्रायव्हरकाका बसले होते. निवृत्त बसड्रायव्हर. बसवलं की हलायचे नाहीत. "जन्मभर तेच केलं," म्हणायचे, "फक्त तेव्हा रस्ता पळायचा."

पहिल्या रेघा ताठरल्या. मग नाक आलं. नाकामागून जबडा, मानेची सैल कातडी. साथीत काका वाळले होते, तेही आलं. गुडघ्यावरचा हात तर तिनं एका दमात काढला. इतका झरझर उतरला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तिथला एक रिवाज होता. चित्रं झाली की सगळी भिंतीला टेकवून ठेवायची आणि पहिला शब्द समोर बसलेल्या माणसाचा. त्याच्याआधी कुणी तोंड उघडायचं नाही.

काका अंग मोकळं करत एकेका चित्रापुढून चालू लागले. पेंटरच्या चित्रापुढे म्हणाले, "बाकी ठीक. पण खाली 'आमची दुसरी शाखा नाही' लिहायचं राहिलं."

मावशीच्या चित्रापुढे मात्र ते बराच वेळ थांबले.

"ताई, नाक झकास. डोळे तर माझेच. पण हा हात कुणाचा?"

"तुमचाच की!"

"माझी करंगळी वाकडी आहे. एकदा स्टिअरिंग उलटं फिरलं, तेव्हा मोडली. ही बघा." त्यांनी हात पुढे केला. रुंद पंजा, चपटी नखं. "हा तर कुणा बाईचा दिसतोय."

खोलीत हसू फुटलं. मावशीही हसायला गेली आणि थांबली. चित्रातल्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर सुजलेलं होतं. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा जुना डाग होता. तिनं आपला डावा हात पाहिला आणि पाठीमागे नेला.

"घरात दुसरं कोण होतं बसायला?" ती म्हणाली. "रोज यालाच बसवायची. टेबलावर."

हसू विरलं. ती चित्राजवळ गेली आणि कागदाच्या टाचण्या काढू लागली.

"पेंटर, जाताना माझं इझल घेऊन जा."

"माझ्याकडे कुठे जागा, मावशी?" पेंटर म्हणाला. त्याची गोदामाएवढी खोली तिथल्या प्रत्येकानं पाहिलेली होती.

काकांनी खुर्ची ओढत तिच्या खुर्चीसमोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"बसा, ताई. आमच्या डेपोत गाडी चालू झाली नाही तर आधी ढकलून बघायचे. भंगाराचं नंतर." ते स्वतः बसले. ती बोर्ड मांडीवर घेऊन समोर बसताच त्यांनी पंजा त्यावर ठेवला. "घ्या. मला घरी जायची घाई नाही."

तिनं नवा कागद घेतला. चारकोलची कांडी उचलली, पुन्हा ठेवली. वाकडी करंगळी उजेडात यावी म्हणून काकांचं मनगट दोन्ही हातांनी धरून हात जरा खिडकीकडे वळवला. हात जड होता, कोरडा होता आणि चांगलाच गरम होता. मनगटाशी नाडी उडत होती.

खाली मशीन सुरू झालं, फरशी थरथरली.

"मावशी, ऊन सरकतंय," शेवटी पेंटर म्हणाला. "काढायला घ्या की."

"घेते रे. आधी नीट बघू तर दे."

चारकोलची कांडी बोर्डावरून घरंगळत खाली गेली. ती उचलायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.