मायलेकींची बॅच

“आई आणि मुलगी एकाच बॅचला चालतील ना?” नीलेशने तिसऱ्यांदा विचारलं.

“चालतील हो. पण आधी कराटेचा पाया पक्का करू,” सर म्हणाले. बाहेर बोर्डावर ठळक अक्षरांत ‘जिउ-जित्सू’ लिहिलं होतं आणि आत वीस पोरं रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारत होती.

“मग जिउ-जित्सू कधी?”

“ते पुढे बघू. दोनेक वर्षांनी.”

नीलेशने चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरला. खाली रुपचंद गाडीला टेकून शेंगदाणे खात उभा होता. पाइपांच्या कारखान्यात तो दोन महिन्यांपूर्वीच नीलेशच्या शिफ्टला लागला होता. मनाने भला, सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन बरोबर आला होता.

“बठ्ठं जळगाव झायं भाऊ. आते काय शे?” सगळं जळगाव पालथं घालून कंटाळलेल्या रुपचंदने विचारलं.

“एरंडोलला एक आहे म्हणे.”

“अरे, फोनवर विचारून घे ना!”

“फोनवर कोणी धड सांगत नाही,” नीलेश खेकसला. “डोळ्यांनी बघावं लागतं.”

हा जिउ-जित्सू नावाचा प्रकार त्याने दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा ऐकला, तोही हर्षालीच्या मावशीकडून. “हल्ली मायलेकींचं सगळं जिउ-जित्सूच चाललंय,” मावशी बोलून गेली आणि मग एकदम चहाची कपबशी उचलून आत निघून गेली. हर्षाली त्याची बायको. ती स्वतः त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. नवऱ्याने आपलं शोधत फिरायचं. इतकं साधं काम तिने इतकं अवघड करून ठेवलं होतं की त्याचं डोकं दिवसभर ठणकायचं.

एरंडोलचा क्लास मंगल कार्यालयात भरायचा. तिथे लग्न होतं. आचाऱ्याने सांगितलं, क्लास आता बुधवारी. मुली येतात का, बायका येतात का, ते त्या आचाऱ्याला काय ठाऊक? तरी नीलेशने विचारलं. आचारी झारा हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिला.

“जळगावचा तो दुसरा क्लास काय वाईट होता?” पारोळ्याच्या पुढे रुपचंदने विचारलं. “जाड गाद्या, चांगले सर, पोरंही शिस्तीत. घरापासून दहा मिनिटांवर.”

“तिथे आई-मुलगी अशी एकही जोडी येत नाही.”

“तुमची पहिली जोडी!”

“नको. आधीपासून येणारी हवी.”

“कमाल आहे बुवा. तुला क्लास पाहिजे का शेजार?” रुपचंद हसला. नीलेश हसला नाही. “बरं, वहिनींना का नाही आणलंस? शिकायचं त्यांना, पसंती त्यांची.”

“आधी मी बघतो. मग तिच्याशी बोलेन.”

“आणि पोरगी?”

“ग्रीष्मा? आठ पूर्ण होतील तिला पुढच्या महिन्यात.” नीलेशचा आवाज जरा खाली आला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “बापाशिवाय झोपायची नाही ती.”

रुपचंदला ते ऐकून बरं वाटलं. असे बाप त्याने कमी पाहिले होते. त्याने गाडीचा वेग वाढवला.

धुळ्यात देवपूर भागात त्यांना तासभर पत्ता सापडेना. एकाने पुढे पाठवलं, दुसऱ्याने मागे. तिसऱ्याने तर जिमचा पत्ता दिला. नीलेश इतका वैतागला की सिग्नलला त्याने मधे आलेल्या सायकलवाल्यावर उगाच आवाज चढवला. शेवटी एका दवाखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, निळ्या गाद्यांचा हॉल दिसला.

शिकवणारी बाई होती. संघमित्रा. बुटकी, ठसठशीत, केस घट्ट बांधलेले. गादीवर पाच-सहा बायका एकमेकींच्या मिठीतून सुटायची तालीम करत होत्या. खाली पडलेली बाई कमरेला एक हिसका द्यायची आणि वरची अलगद बाजूला पडायची. नीलेश बघत राहिला.

“अंगाने दुप्पट माणूस असला तरी सुटता येतं?” त्याने विचारलं.

“येतं,” संघमित्रा म्हणाली. “कोणासाठी बघताय?”

“बायको आणि मुलगी. मुलगी आठची. दोघी एकत्र येतील अशी बॅच हवी. तुमच्याकडे अशी मायलेकींची जोडी आहे का? म्हणजे सोबत होईल.”

संघमित्राने त्याच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ.

“आहे की,” ती म्हणाली. “जळगावकडचीच आहे. मुलगी फार हुशार.”

दिवसभरात पहिल्यांदा नीलेशच्या कपाळावरची ताठलेली शीर सैल झाली. “कधी येतात?”

“बसा ना. आज येणार आहेत का ते विचारते.” ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

तो बाकावर बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याची नजर जिन्यावरून हलेना. खालून चपलांचा आवाज आला की तो अर्धवट उठायचा. एकदा दवाखान्यातली म्हातारी निघाली, एकदा कुरिअरवाला. ही बाईही आता खेळवणार, असं वाटून त्याने दातओठ खाल्ले.

संघमित्रा बाहेर आली. तिच्या खुणेसरशी गादीवरच्या दोन उंच बायका उठल्या आणि जिन्याच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. संघमित्रा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“त्या आज येणार नाहीत, नीलेशभाऊ,” ती म्हणाली.

त्याने तिला नाव सांगितलं नव्हतं.

“पोलीस मात्र येताहेत. तुम्ही दोघींच्या आसपास फिरकायचं नाही, हा कोर्टाचा हुकूम आणि तुमचा फोटो हर्षालीने पहिल्याच दिवशी माझ्याकडे आणून दिलाय.”