वनस्पतिशास्त्र २०४

हेल्मेटची गार कड कपाळाला टेकली आणि शाल्मली दचकली.

"घाबरतेस काय? कॉलेज बदललं, की हे आलंच," कारकून बिडवई म्हणाले. "विषयाचा नंबर जुळला, की तिथलं डोक्यातून पुसायचं आणि इथलं भरायचं. वनस्पतिशास्त्र २०४, इथेही तेच."

"आणि शिकवणारे?"

"तेही इथलेच आठवतील."

२०४ तिला बाबांनी शिकवलं होतं. वर्गात त्यांना 'सर' म्हणताना दोघांनाही हसू आवरत नसे. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

बिडवईंचं बोट बटणाकडे गेलं.

"थांबा! नापासांचंही पुसता?"

"छे! पुसायला ते शिकलेत काय? त्यांना इथे पुन्हा वर्ष काढावं लागतं."

"मग मला नापास करा."

"अगं, पहिली आली आहेस तू!"

शाल्मलीने हेल्मेट उतरवून त्यांच्या हातात दिलं.

"करा नापास. सर रागावणार नाहीत."