आवाज कुठे गेला
अलास्काहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, तसा मार्लिसने नवा लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावर आर्डिस दिसली, रुग्णालयाच्या खाटेवर, पार खंगलेली. नऊ वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. आर्डिस बोलू लागली, पण आवाजच येईना. मार्लिसने आवाज वाढवला, कॉल तोडून पुन्हा जोडला, दिसेल ते बटण दाबलं. बहिणीचे ओठ हलतच होते, डोळे भरून आले होते. तेवढ्यात मार्लिसचा नवरा व्हर्लिन गॅरेजमधून धावत आला. “अगं, आर्डिस माझ्या गॅरेजमधल्या ब्लूटूथ स्पीकरमधून बोलतेय. तुझा लॅपटॉप त्यालाच जोडला गेलाय, माइकसकट; तुझाही आवाज तिला जात नाहीये.” “काय म्हणतेय?” व्हर्लिन घुटमळला. “तेव्हा आई गेल्याचं तिने तुला मुद्दाम कळवलं नाही, ते चुकलं, म्हणतेय. तू नुसती बटणंच दाबतेयस, म्हणून विचारतेय, बोलायचं नसेल तर कॉल ठेवू का?” मार्लिसने बटणांवरचा हात काढला, पडद्याजवळ चेहरा नेला आणि आर्डिसला दिसेल अशी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.