चाळीस मिनिटं

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका इस्पितळात कान-नाक-घशाचे विभागप्रमुख डॉ. कुझे आपल्या हाताखालच्या डॉ. ओगुरीला बारा वर्षं घालूनपाडून बोलत आले होते. "तू मासळीबाजारात शोभली असतीस," हे ते पेशंटसमोरही म्हणत. त्यांचा आवाज ऐकला तरी ओगुरीचं डोकं फिरायचं.

मग त्यांच्याच घशात कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, आवाज कायमचा जाणार होता. ऑपरेशन ओगुरीनेच करायचं, असं त्यांनी स्वतः ठरवलं.

आदल्या दिवशी तिने त्यांच्या हातात रेकॉर्डर ठेवला. "सर, घरच्यांसाठी काही बोलून ठेवा. सगळेच ठेवतात."

"मला अक्कल शिकवू नकोस. दार लाव आणि चालती हो," ते खेकसले.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी कुझेबाई ओगुरीच्या खोलीत आल्या आणि त्यांनी तो रेकॉर्डर टेबलावर आपटला.

"चाळीस मिनिटं बोललेत. कुठलं ऑपरेशन कसं करायचं, ओगुरी कुठे चुकते, ओगुरीने पुढे काय शिकायचं. मी दोनदा ऐकलं."

ओगुरी खुर्चीतून उठली. "बाई, मला खरंच माहीत नव्हतं..."

"ठेवा तुमच्याकडेच," कुझेबाई दाराकडे वळत म्हणाल्या.

"चौतीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. यात माझं नाव एकदाही नाही."