दुपट्याची उलटी बाजू

बाईंनी दुपटं टेबलावर पालथं घातलं, तेव्हा थोरली चटकन पुढे झाली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने ते कुणाला असं हाताळू दिलं नव्हतं.

“अहो, जरा जपून. माझ्या आईच्या हातचं आहे. मी पोटात असताना काढलं तिने. मी झाले आणि पाचव्या दिवशी ती गेली.”

“भरतकाम उलट्या बाजूनेच कळतं,” संग्रहालयातल्या बाई भिंग डोळ्याला लावत म्हणाल्या. जुनं कापड कुठलं, कधीचं, कुणाच्या हातचं हे हुडकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. समोरच्या माणसाकडे बघायची त्यांना फारशी सवय उरली नव्हती.

धाकटी खिडकीजवळ बसली होती, मांडीवर पर्स घेऊन. दोघींचा बाप एक, आया दोन. इथे यायचं टुमणं धाकटीनेच लावलं होतं. ‘ताई, जुन्या भरतकामाचं प्रदर्शन भरतंय. दुपटं दे ना. पाटीवर आईचं नाव लागेल,’ असा तिचा फोन आला, तेव्हा थोरली क्षणभर चपापलीच होती. धाकटीच्या तोंडी कायम ‘तुझी आई’ असायचं. नुसतं ‘आई’ आजवर कधी आलं नव्हतं. पण पाटीचा मोह सुटला नाही. आत्ताच तिने फॉर्मवर, ‘भरतकाम करणारीचे नाव’ या रकान्यात, आईचं संपूर्ण नाव टपोऱ्या अक्षरांत लिहून दिलं होतं.

“काढणारी डावखुरी होती,” बाई म्हणाल्या.

“कशावरून?”

“हे टाके बघा. सगळे दुसऱ्या अंगाला कललेत. उजव्या हाताने असा टाका पडत नाही. तुमच्या आई डावखुऱ्या होत्या का?”

आईबद्दल थोरलीला कुणी धड काही सांगितलंच नव्हतं. घरात डावखुरं माणूस एकच होतं. ती सहा वर्षांची असताना बापाने लग्न करून आणलेली सावत्र आई, जिला ती कायम ‘मावशी’च म्हणत आली. ‘डावरी’ हे नाव तिला थोरलीनेच ठेवलं होतं आणि गल्लीभर केलं होतं.

“असेल,” थोरली म्हणाली. “असेल आई डावखुरी.”

बाईंनी वेलीच्या टोकाला निघालेला जरीचा धागा नखाएवढा कापला, चिमट्यात धरला आणि लायटर पेटवला. खऱ्या जरीचा धागा नुसता काळवंडला असता. हा धागा सुरसुरला, आक्रसला आणि त्याचा एक काळा मणी झाला. खोलीत प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला.

“प्लॅस्टिकची जर,” बाई म्हणाल्या. “ही दुकानात दिसायला लागली तेव्हा तुम्ही चांगल्या सात-आठ वर्षांच्या असाल. आणि हा पिवळेपणा वयाचा नाही. शिवणीच्या आतसुद्धा तोच रंग आहे, बघा. जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलंय. असे प्रकार आमच्याकडे महिन्याला चार येतात. नकली आहे हो. प्रदर्शनात नाही घेता येणार.”

त्यांनी फॉर्म पुढे ओढला, त्या टपोऱ्या नावावर आडवी रेघ मारली आणि त्या आतल्या खोलीत निघून गेल्या.

थोरली त्या काळ्या मण्याकडे बघत राहिली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“दोन वर्षं झाली. आई गेली त्या आठवड्यात बोलली.” धाकटीचा आवाज अगदी मऊ होता. “‘घरात माझ्या आईचं काहीच नाही’ म्हणून तू लहानपणी दोन दिवस जेवली नव्हतीस म्हणे. मग तू शाळेत गेलीस की ती हे घेऊन बसायची. झाल्यावर चहात बुडवलं, ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि ट्रंक आवरायला तुलाच बसवलं.”

“पुरे.”

“थांब ना. शेवटी शेवटी तिचे पाय बर्फासारखे पडायचे. एक दिवस पायांवर घ्यायला तिने हेच मागितलं होतं तुझ्याकडे. काय म्हणालीस तू? आठवतंय, की मी सांगू?”

थोरलीला शब्द न् शब्द आठवत होता. ‘माझ्या आईची वस्तू आहे ती. कुणाच्याही पायांवर टाकायला नाही.’ दारातूनच म्हणाली होती, चार माणसांच्या देखत. त्यावर खाटेवरची मावशी हसली होती. भांडण जिंकल्यासारखं नाही, एखादं काम मनासारखं जमल्यावर हसतात तसं. थोरलीला तेव्हा तो शुद्ध निर्लज्जपणा वाटला होता.

तिने दुपटं कसंबसं गोळा केलं आणि धाकटीपुढे धरलं. “घे. तुझ्या आईचं आहे.”

धाकटीने हात मागे घेतले. “छे. तुझ्यासाठी केलंय तिने. मी कशाला नेऊ? सांभाळ आता तूच.” तिने पर्स खांद्याला अडकवली.

“एवढंच सांग,” थोरली तिच्या मागून म्हणाली. “ती स्वतः का नाही बोलली? पन्नास वर्षं माझ्यासमोर होती. एका शब्दाने तरी बोलायचं.”

धाकटी दारात थांबली.

“मीही तेच विचारलं तिला. तर म्हणाली, ‘एकदा मला आई म्हणू दे तिला, मग सांगते.’”